चित्रकार मुलीने सिरॅमिककडे वळावं का?

प्रश्न : मुलगी बारावीत आहे, चित्रं उत्तम काढते. फिनलंडच्या सिरॅमिकला वळण देणाऱ्या फिंच या चित्रकाराबद्दल वाचल्यापासून तिला तेच शिकायला थेट हेलसिंकीला जायचं आहे. आजवरची चित्रकला वाया जाईल का? – एक पालक, सातारा

उत्तर : सप्रेम नमस्कार. चित्रकला वाया जाणार नाही, पण नुसत्या चित्रकलेवर भागणारही नाही.

आल्फ्रेड विल्यम फिंच (१८५४–१९३०) मूळचा ब्रसेल्सचा, ठिपक्यांच्या शैलीत रंगवणारा नावाजलेला चित्रकार. चित्रांवर पोट भरेना म्हणून १८९० च्या सुमारास तो बॉख यांच्या सिरॅमिक कारखान्यात कामाला लागला. माती आणि भट्टी तो तिथे शिकला, तेव्हा त्याची पस्तिशी उलटली होती. १८९७ मध्ये लुई स्पारे या स्वीडिश चित्रकाराने फिनलंडच्या पोर्वो गावात ‘आयरिस’ कारखाना काढला आणि सिरॅमिकचं काम फिंचकडे सोपवलं. लाल मातीची साधी भांडी, त्यांवर लाटांसारख्या रेषा आणि ठिपके, ही त्याची ओळख. १९०२ मध्ये कारखाना बंद पडला. मग फिंच हेलसिंकीच्या कलाउद्योग शाळेत शिकवू लागला आणि अखेरपर्यंत शिकवत राहिला. तोइनी मुओना, माइया ग्रोटेल या पुढे नावाजलेल्या सिरॅमिक कलाकार त्याच्याच विद्यार्थिनी. माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम हेच.

चित्रकाराची अडचण कुठे होते, ते सांगतो. भांड्यांना रंग देणारं कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळं दिसतं आणि भट्टीतून निळं निघतं. म्हणजे डोळ्यांवर विसंबून रंग लावता येत नाही. आधी चाचणीच्या फरशा भाजायच्या, प्रत्येकीमागे प्रमाण आणि तापमान लिहायचं. पातळ मातीचा रंगीत लेप भांडं अर्धवट सुकलेलं असतानाच द्यावा लागतो. पूर्ण सुकलेल्या भांड्याचं आकसणं संपलेलं असतं, लेप मात्र नंतर आकसतो आणि पापुद्रे सुटतात. सुकताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्के आकसते, त्यामुळे १८ सेंटिमीटरचा वाडगा हवा असेल तर चाकावर २० चा करावा लागतो. आणि थंड होताना ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा थर, मातीपेक्षा जास्त आकसलं, तर त्यावर बारीक तडे जातात. अशा कामात रसायनशास्त्र लागतं. तेव्हा बारावीचा तो विषय तिने मनापासून करावा.

फिंच शिकवत होता ती शाळा आज आल्टो विद्यापीठाचा भाग आहे. युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना तिथे फी भरावी लागते, शिवाय राहण्याचा खर्च मोठा. म्हणून पदवी इथेच घ्यावी असं मला वाटतं. अहमदाबादच्या एनआयडीत (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन) सिरॅमिक आणि ग्लास डिझाइन आहे, मुंबईच्या जे. जे. मध्येही सिरॅमिक शिकवतात. पदव्युत्तर शिक्षणासाठी फिनलंडचा विचार जरूर करा. तोवर तिच्या हाताशी भाजलेल्या कामाचा पोर्टफोलिओ असेल.

प्रवेश परीक्षेचे अर्ज निघेपर्यंत तिला जवळच्या कुंभाराकडे किंवा सिरॅमिक स्टुडिओत आठवड्यातून दोनदा पाठवा. पोर्टफोलिओत चित्रांसोबत चाचणीच्या फरशांची वहीही ठेवू द्या, फसलेल्या फरशांसकट.