‘ड्यून: पार्ट टू’चं संगीत एवढं गाजूनही ऑस्करच्या नामांकनात का नव्हतं? पार्श्वसंगीताला पुरस्कार देताना नेमकं बघतात काय?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. मतदारांनी ते संगीत नाकारलं नाही, ते मतदारांसमोर गेलंच नाही. चित्रपट सिक्वेल असेल किंवा एखाद्या मालिकेतला असेल, तर त्यातलं किमान ८० टक्के संगीत नवं हवं, असा ऑस्कर देणाऱ्या ॲकॅडमीचा नियम आहे. पहिल्या भागात गोष्टच अर्ध्यावर थांबली होती, म्हणून संगीतकार हान्स झिमरने त्याच धुना दुसऱ्या भागात पुढे वाढवल्या. गोष्टीच्या दृष्टीने हे अगदी बरोबर होतं, पण टक्केवारीत बसलं नाही. त्याच संगीताला २०२५मध्ये ग्रॅमी मिळालं.

आता दुसरा प्रश्न. मी लघुपट आणि माहितीपटांचं संकलन करतो, त्यामुळे संगीतकारांबरोबर बसायची वेळ नेहमी येते. ऑस्करच्या मोसमात ‘अमक्याला का डावललं’ ही चर्चा सुरू झाली की मी आधी नियम बघतो आणि चवीचा विचार नंतर करतो. बऱ्याचदा गाडी नियमापाशीच अडलेली असते.

आधी एक गोंधळ दूर करतो. गाणं आणि पार्श्वसंगीत हे ऑस्करचे दोन वेगळे विभाग आहेत. ए. आर. रहमान यांना २००९मध्ये दोन्ही मिळाले. कीरवाणी यांचं २०२३चं ऑस्कर गाण्याचं होतं. तुम्ही विचारताय तो विभाग दृश्यांखाली वाजणाऱ्या संगीताचा, आणि त्याची मुख्य अट आहे की ते त्या चित्रपटासाठीच नव्याने रचलेलं असावं. या एका अटीने किती बळी घेतलेत बघा.

१९७३मध्ये ‘द गॉडफादर’साठी नीनो रोटा यांना नामांकन जाहीर झालं आणि मग मागे घेतलं गेलं, कारण त्यातली एक धून त्यांनी आधी १९५८च्या ‘फॉर्चुनेला’ या इटालियन चित्रपटात वापरली होती. त्या वर्षीचं ऑस्कर गेलं चॅप्लिनच्या ‘लाइमलाइट’ला. हा चित्रपट १९५२चा! पण लॉस एंजेलिसच्या चित्रपटगृहात तो १९७२पर्यंत लागला नव्हता, म्हणून नियमानुसार ‘नवा’ ठरला. पुढे ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागासाठी रोटा यांना ऑस्कर मिळालं, आणि त्यात पहिल्या भागातल्या धुना होत्याच.

अलीकडची उदाहरणंही कमी नाहीत. जॉनी ग्रीनवुडचं ‘देअर विल बी ब्लड’ अपात्र ठरलं, कारण त्यात आधीच्या रचनांचा भाग जास्त होता. ‘बर्डमॅन’मध्ये अंतोनियो सांचेसने जवळजवळ निव्वळ ड्रमवर संगीत दिलं, पण चित्रपटात शास्त्रीय रचनाही भरपूर असल्याने तेही बाद झालं. ‘अरायव्हल’साठी योहान योहान्सनचं संगीत बाद झालं, कारण सुरुवातीला आणि शेवटी माक्स रिख्टर यांची आधीच प्रसिद्ध असलेली रचना वाजते.

‘अरायव्हल’चा निर्णय मला कठोर वाटला, पण पटला. प्रेक्षकाचा गळा दाटून येतो तिथे रिख्टर वाजत असतो. मतदार मत देताना ते वेगळं कसं काढणार? ‘बर्डमॅन’चा निर्णय मात्र मला अजिबात पटत नाही. तो चित्रपट एका सलग शॉटसारखा दिसतो, नजरेला कट जवळजवळ जाणवतच नाही. एरवी लय धरायचं जे काम आम्ही संकलक करतो, ते तिथे ड्रम करतात. पार्श्वसंगीताने याहून जास्त काय करायचं?

क्यू शीटचा तापही असतो. कुठली धून किती सेकंद वाजली आणि ती कोणाची, याचा तो तक्ता. संगीतकारांना मानधनापलीकडचे रॉयल्टीचे पैसे त्यावरूनच मिळतात. ‘द डार्क नाइट’च्या वेळी मुख्य दोन संगीतकारांबरोबर तीन सहकाऱ्यांची नावं क्यू शीटवर घातली होती, म्हणून ॲकॅडमीच्या संगीत शाखेने आधी ते संगीत अपात्र ठरवलं. नंतर निर्णय फिरवला, पण नामांकन काही मिळालं नाही. सहकाऱ्यांना पैसे मिळावेत म्हणून दाखवलेला चांगुलपणा असा अंगाशी येतो. खरं तर या पुरस्काराच्या पहिल्या काही वर्षांत, १९३०च्या दशकात, ऑस्करची बाहुली संगीतकाराला नव्हे, स्टुडिओच्या संगीत विभागप्रमुखाला मिळायची. श्रेय कोणाचं, हा वाद तेव्हापासूनचा आहे.

आणि टक्केवारी मोजून नवेपणा कळतो का? संकलन करताना आम्ही दृश्याखाली दुसऱ्याच चित्रपटाचं संगीत टाकून ठेवतो. त्याला टेम्प ट्रॅक म्हणतात. दिग्दर्शक महिनोन्‌महिने ते ऐकत राहतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग संगीतकाराला सांगतो, ‘अगदी असंच हवं, फक्त वेगळं.’ त्यातून जे तयार होतं ते कागदावर शंभर टक्के मूळ असतं! कुठलाही नियम त्याला अडवत नाही. मला विचाराल तर या विभागातला सगळ्यात मोठा खोटेपणा हाच, आणि त्यात आम्हा संकलकांचाही वाटा आहे.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे ‘२००१: अ स्पेस ओडिसी’. ॲलेक्स नॉर्थ यांनी त्यासाठी संगीत रचलं, ध्वनिमुद्रितही केलं. दिग्दर्शक कुब्रिकने ते बाजूला ठेवून टेम्प ट्रॅक म्हणून आधी टाकलेल्या शास्त्रीय रचनाच कायम केल्या, आणि नॉर्थना हे कळलं ते थेट चित्रपट बघताना. याच नॉर्थना आयुष्यात १५ नामांकनं मिळाली आणि स्पर्धेतलं ऑस्कर एकही नाही. १९८६मध्ये मानद ऑस्कर दिलं. तो मान मिळालेले ते पहिले संगीतकार.

नियमातून सुटका झाली की मग माणसं येतात. नामांकनं ठरवते ॲकॅडमीची संगीत शाखा, म्हणजे त्याच धंद्यातली माणसं. विजेता मात्र सगळे सदस्य ठरवतात: अभिनेते, छायाचित्रकार, वेशभूषाकार, निर्माते. त्यांना चित्रपट आवडला की संगीतही आवडतं, आणि संगीत ठळकपणे ऐकू आलं तर जास्तच आवडतं. नामांकित चित्रपट सगळे बघितल्याशिवाय त्या विभागात मत देता येणार नाही, हा नियमसुद्धा २०२५मध्ये आला. तोवर हे सक्तीचं नव्हतं, यावरून काय ते समजा.

अर्थात जाणकारांच्या मतावरही आंधळा विश्वास नको. बर्नार्ड हरमन यांच्या ‘सायको’ला साधं नामांकनही नव्हतं. एन्निओ मोरिकोने यांचं ‘द मिशन’ १९८७मध्ये हरलं ते ‘राउंड मिडनाइट’कडून, ज्यात जुन्या जॅझ रचनांचा मोठा भाग होता. मोरिकोने यांना २००७मध्ये मानद ऑस्कर मिळालं आणि स्पर्धेतलं थेट २०१६मध्ये, वयाच्या ८७व्या वर्षी, ‘द हेटफुल एट’साठी. गंमत म्हणजे त्यात त्यांनी १९८२च्या ‘द थिंग’साठी रचलेले, पण त्या चित्रपटात न वापरलेले तुकडेही होते.

चांगलं पार्श्वसंगीत शोधायला म्हणून तुम्ही ऑस्कर बघत असाल, तर विजेत्यापाशी थांबू नका. डिसेंबरमध्ये वीसेक चित्रपटांची छोटी यादी जाहीर होते, ती निव्वळ संगीत शाखेच्या मतांवर बनलेली असते. ती घ्या आणि चित्रपट बघण्याआधी नुसतं संगीत ऐका. तुमचं आवडतं नाव त्यात दिसलं नाही, तर आधी ते पात्र तरी होतं का, एवढं तपासा. पात्र असूनही वगळलेलं दिसलं, तर मग खुशाल भांडा, मीही येतो.