वाचकांचे प्रश्न : शेवाळातल्या शर्करा तोडणारी एन्झाइमे

प्रश्न : सडक्या समुद्री शेवाळावरून मिळवलेल्या एका जिवाणूच्या वसाहती अगारच्या (शेवाळातून काढलेल्या, जेलीसारख्या शर्करेच्या) प्लेटमध्ये खड्डा करून बसतात. तो अगारेज, म्हणजे अगार तोडणारे एन्झाइम, तयार करतो, असे एवढ्यावरून म्हणावे का?

बहुधा करत असेल, पण खड्ड्यावर विसंबू नका. काही जिवाणू अगार नुसता मऊ करतात, खड्डा दिसतच नाही. उलट कडेने वाळलेली प्लेटही खोलगट दिसते. ल्युगॉलचे आयोडीन (आयोडीनचे पाण्यातले द्रावण) ओतून पाच-दहा मिनिटे थांबा आणि काढून टाका. अखंड अगार तपकिरी होतो, तुटलेल्या जागी फिकट वलय उरते. आयोडीनने वसाहती मरतात, म्हणून त्यांची प्रत दुसऱ्या प्लेटवर आधीच घेऊन ठेवा. (हे दरवेळी कोणीतरी विसरतेच.) माध्यमात स्टार्च नको, नाहीतर निळा रंग सगळे झाकून टाकेल. ग्लुकोजही नको; ते असेल तर पुष्कळ जिवाणू अगारेज बनवायचेच थांबवतात. समुद्री जिवाणूंना २ ते ३ टक्के मीठ मात्र लागते.

आता एन्झाइम पेशीबाहेर सोडले जाते का, ते पाहा. द्रव माध्यमात वाढवून पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवा आणि वरचा निवळ द्रव ताज्या प्लेटमधल्या ६ मिमीच्या छिद्रात घाला. शेजारच्या छिद्रात तोच द्रव १० मिनिटे उकळून घाला. रात्रभर ठेवून आयोडीन ओता. उकळलेल्या द्रवाभोवतीही तितकेच वलय आले, तर ते एन्झाइमचे काम नाही असेच धरून चाला.

प्रश्न : डीएनएस (तुटून सुटलेल्या शर्करेशी रंग देणारे रसायन) पद्धतीने अगारेज मोजताना कोऱ्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, नळीतही रंग येतो आणि तीच नळी पुन्हा मोजली की आकडा बदलतो. कुठे चुकते?

या दोन वेगळ्या चुका आहेत. डीएनएस कोणत्याही क्षपणकारी शर्करेशी (ग्लुकोज, गॅलॅक्टोजसारख्या) रंग देते, ती कुठून आली याच्याशी त्याला देणेघेणे नाही. कच्च्या, म्हणजे शुद्ध न केलेल्या, एन्झाइमच्या द्रवात माध्यमातली शर्करा उरलेली असते, म्हणून तो आधी डायलिसिस करून (पातळ पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ देऊन) घ्या आणि कोऱ्या नळ्या एक नव्हे, तीन ठेवा : फक्त अगार, फक्त एन्झाइम, आणि एन्झाइमच्या आधी डीएनएस घातलेली शून्य वेळेची नळी. पहिल्या दोन नळ्यांवरून रंग कुठून येतो ते कळते. वजा मात्र तिसरी नळीच करायची.

आकडा हलतो तो अगारमुळे. उकळून विरघळवलेला अगार ३२ ते ४० अंशांच्या दरम्यान पुन्हा गोठू लागतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या नळ्या थंड झाल्या की न तुटलेला अगार आत गढूळ होतो आणि ५४० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला तो गढूळपणाही रंग म्हणून मोजला जातो. गंमत अशी, की जिथे एन्झाइमने कमी काम केले तिथे गढूळपणा जास्त. अगार ०.२ टक्क्याहून जास्त घेऊ नका, डीएनएसनंतर पाणी घालून पातळ करा आणि नळ्या कोमट असतानाच वाचा. अभिक्रियाही ४० ते ४५ अंशांवर ठेवा. एन्झाइमला तेवढे तापमान सोसत नसेल, तर कमी तापमानाला वितळणारा अगारोज वापरा. प्रमाण आलेख गॅलॅक्टोजचा काढा, ग्लुकोजचा नको.

प्रश्न : अगार तोडणारे एन्झाइम कॅरागीननही (लाल शेवाळातली दुसरी शर्करा) तोडेल का?

नाही. दोन्ही गॅलॅक्टोजच्याच साखळ्या आहेत, पण अगारमध्ये अॅनहायड्रोगॅलॅक्टोज ‘एल’ रूपात असते, तर कॅरागीननमध्ये ‘डी’ रूपात. शिवाय कॅरागीननच्या दर दोन शर्करांमागे सल्फेट असतात : कॅपा प्रकारात एक, आयोटामध्ये दोन, लॅम्डामध्ये तीन. म्हणून या तिघांसाठी कॅरागीननेजही वेगवेगळे. नोरी या खाद्य शेवाळातल्या पॉर्फिरन या शर्करेचे तर अगारशी जवळचे नाते, तरी सल्फेट असलेल्या तुकड्यांसाठी पॉर्फिरनेज हे निराळे एन्झाइम लागते. २०१० साली ते झोबेलिया या समुद्री जिवाणूत सापडले आणि तशीच जनुके जपानी लोकांच्या आतड्यातल्या बॅक्टेरॉइड्स प्लेबियसमध्येही आढळली.

प्रश्न : अल्जिनेट (तपकिरी शेवाळातली शर्करा) तोडणारे लायेज हे एन्झाइम मोजताना २३५ नॅनोमीटरला शोषण झपाट्याने वाढते, पण द्रावणाचा दाटपणा जराही कमी होत नाही. असे का?

ती वाढ लायेजची नसावी. लायेज पाणी न वापरता बंध तोडते आणि तुटलेल्या टोकाला एक दुहेरी बंध उरतो. २३५ ला मोजतो तो हाच. साखळी मधूनच तुटली तर शोषण फारसे वाढण्याआधीच द्रावण पातळ होते. (टोकाकडून एकेक घटक सोडवणारे लायेजही असतात, त्यांच्यात दाटपणा सावकाश उतरतो.) तुमच्याकडे उलटे घडते आहे, म्हणून संशय गढूळपणावर. समुद्राच्या पाण्यासारख्या माध्यमात कॅल्शियम भरपूर असते आणि ते अल्जिनेटच्या साखळ्या एकमेकींना बांधून जेल करते. बफर फॉस्फेटचा असेल तर कॅल्शियम फॉस्फेटचा साकाही बसतो.

खात्री करणे सोपे आहे : तीच नळी ३२० नॅनोमीटरला वाचा. तिथे हा दुहेरी बंध जवळपास काहीच शोषत नाही. आकडा तिथेही चढत असेल, तर प्रकाश विखुरतो आहे. कच्चा द्रव ५० मिलिमोलर ट्रिस, पीएच ७.५ ते ८, या बफरमध्ये डायलिसिस करून घ्या; त्यात ०.२ ते ०.५ मोलर मीठ चालेल. अल्जिनेट ०.२ टक्के पुरे. भुकटी ढवळत्या पाण्यात चिमटीचिमटीने सोडा. एकदम टाकलीत तर गुठळ्या होतात आणि त्या तासन्‌तास विरघळत नाहीत. ते ऑटोक्लेव्ह करू (दाबाखालच्या वाफेने तापवू) नका, उष्णतेनेच साखळ्या तुटून दाटपणा आधीच उतरतो. क्युव्हेट (प्रकाश मोजायची छोटी नळी) क्वार्ट्झचीच हवी. साधी काच आणि साधे प्लास्टिक २३५ ला स्वतःच प्रकाश गिळतात.