प्रश्नोत्तरे : थॉमस इन्स, कागदावर सिनेमा घडवणारा

हॉलिवूडची स्टुडिओपद्धत मूकपटांच्या काळातला अमेरिकी निर्माता-दिग्दर्शक इन्स याने बसवली म्हणतात. म्हणजे नेमकं काय केलं?

१९११ च्या अखेरीस तो कॅलिफोर्नियात आला, सान्ता मोनिकाजवळच्या सान्ता यनेझ घळीत (कॅन्यन) तळ ठोकला आणि मिलर बंधूंचा अख्खा वाइल्ड वेस्ट शो (काउबॉयंच्या कसरतींचा फिरता खेळ) घोड्यांसकट कामाला लावला. एकट्याला दिग्दर्शन झेपेना, तेव्हा १९१२ मध्ये दुसरं चित्रीकरण-पथक दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्डकडे सोपवलं. आपण सेटवर नसताना आपल्याच मनासारखं चित्रीकरण व्हावं, यासाठी त्याने कंटिन्युइटी स्क्रिप्टवर भर दिला. तिच्यात प्रत्येक शॉटला क्रमांक, पडद्यावर मध्येमध्ये येणाऱ्या संवाद-निवेदनाच्या पाट्यांचा मजकूर आणि कोणत्या जागी कोणते क्रमांक याची यादी असे. शॉट ३, ४१ आणि ७८ एकाच दारूगुत्त्यातले असतील तर तिन्ही एका दमात उरकायचे. सेट एकदाच उभा राहतो, नटांचे दिवस वाचतात. धोका कपड्यांचा: ४१ मध्ये फाटलेली बाही ७८ मध्ये शाबूत दिसली की घोळ. शेवटी खर्चाचा तक्ताही जोडलेला असे. माझ्या मते त्याची खरी कलाकृती हीच फाइल.

‘द इटालियन’ (१९१५) त्याचाच ना?

निर्मिती त्याची, दिग्दर्शन रेजिनल्ड बार्करचं. इन्सचं नाव ठळक झळकत असल्याने यादी करणारे फसतात. ‘दिग्दर्शक’ आणि ‘निर्माता’ असे दोन रकाने ठेवा.

वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टच्या ‘ओनायडा’ या बोटीवर इन्सला गोळी घातली, हे खरं?

पुरावा नाही. नोव्हेंबर १९२४ मध्ये ‘ओनायडा’वर तो आजारी पडला, सान डिएगोला उतरवला गेला आणि १९ तारखेला घरी वारला. नोंद हृदयविकाराची आहे.

जुने मूकपट पाहताना माणसं धावतात आणि रात्री लख्ख ऊन! का?

३५ मिमीच्या फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम). सेकंदाला १६ चौकटींनी फिरवलेलं १००० फुटांचं रीळ पावणेसतरा मिनिटं चालतं; २४ ने दाखवलं तर अकराच. म्हणून प्लेअरचा वेग ०.६७ करून पाहा. मात्र कॅमेऱ्याचं हँडल हाताने फिरे, त्यामुळे चाल नैसर्गिक दिसेपर्यंत ०.७५ किंवा ०.८ ही लावून बघावं लागतं. ऊन दिसतं कारण रात्रीचे प्रसंग बहुधा दिवसाच घेत आणि प्रिंट निळ्या रंगात बुडवत. पुढे कृष्णधवल कॉपी काढताना निळा उडाला, आणि भर दुपारी कंदील धरलेला माणूस तेवढा उरला.