मे महिन्यात घेतलेले कोई मासे सात दिवसांनी हौदात सोडावेत का?

आपला प्रश्न असा आहे की मे महिन्यात विकत घेतलेले चार कोई (शोभेचे रंगीत कार्प मासे) अंगणातल्या टबात सात दिवस वेगळे ठेवले, ते भरपूर खातात आणि ठणठणीत दिसतात, तर आता त्यांना जुन्या माशांच्या हौदात सोडावे का. इतक्यात सोडू नका. त्याचे कारण दिवसांच्या हिशेबापेक्षा आपल्या नागपूरच्या उन्हात अधिक आहे.

कोई हर्पिस विषाणूचा रोग साधारणपणे 16 ते 28 अंश सेल्सिअसच्या पाण्यात उफाळतो. नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) अंगणातल्या टबाचे पाणी दुपारी 30 अंशांच्या पुढे गेलेले असते आणि तेवढ्या उष्णतेत, अंगात विषाणू असलेला मासाही निरोगी दिसू शकतो. पुढे दिवाळीनंतर पाणी उतरले की त्याच माशापासून इतरांना लागण होऊ शकते. मग कल्ल्यांवर पांढरट, कुजके चट्टे पडतात, डोळे खोल जातात आणि काही दिवसांतच हौदातले बहुतेक मासे जातात. यावर औषध नाही. म्हणून मी आता नवीन मासे उन्हाळ्यात घेतच नाही; नोव्हेंबरात घेतो आणि हीटर लावून पाणी 24 अंशांवर स्थिर ठेवतो.

परजीवींचे मात्र उलट आहे, त्यांना ऊन मानवते. एका वर्षी मी पाच दिवस वेगळे ठेवलेले दोन मासे हौदात सोडले आणि तीनेक आठवड्यांनी माझ्या जुन्या माशाच्या पराच्या मुळाशी अर्ध्या इंचाचा दोरा लोंबताना दिसला. शेवाळाचा धागा असेल म्हणून चिमट्याने ओढला, तर तो निघेना. त्याचे टोक खवल्याखाली मांसात रुतलेले होते आणि भोवती लाल वर्तुळ उठले होते. तो अँकर वर्म होता. त्याची पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत आणि पूर्ण वाढ व्हायला कोमट पाण्यातही दोन-तीन आठवडे लागतात, त्यामुळे पाच दिवसांच्या पाहणीत तो सापडणे शक्यच नव्हते.

मासे आता घेतलेच आहेत, तर टब घरात, कूलर असलेल्या खोलीत हलवा. कोरड्या हवेत पाण्यावर वारा खेळता राहिला की ते चांगलेच उतरते. माझ्याकडे मेअखेरीस ते 26 अंशांपर्यंत आले होते. पावसाळी दमट हवेत मात्र हा उपाय चालत नाही. किमान सहा आठवडे थांबा आणि तेही 28 अंशांखालचेच दिवस मोजा. एअर पंप रात्रंदिवस चालू ठेवा, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. कोई उडी मारण्यात तरबेज असल्याने टबावर जाळी घट्ट बांधा.

मात्र नवीन टबात मासे रोगापेक्षा, त्यांच्याच उत्सर्गातून पाण्यात साचणाऱ्या अमोनियानेच अधिक मरतात, असे माझे मत आहे. पाणी जितके उष्ण आणि त्याचा पीएच जितका जास्त, तितका अमोनिया अधिक विषारी होतो. त्यासाठी हौदाच्या फिल्टरमधला एखादा मुरलेला स्पंज काढून टबाच्या फिल्टरमध्ये घाला (त्यातले जिवाणू अमोनिया संपवतात; तो परत हौदात न्यायचा नाही), खाद्य कमी ठेवा आणि दर दोन दिवसांनी अमोनिया तपासून पाणी बदला. नळाचे पाणी असेल तर क्लोरिन काढणारे औषध आधी घातलेच पाहिजे. 1000 लिटरला 3 किलो या प्रमाणात खडे मीठ दोन दिवसांत विभागून घातल्यास माशांवरचा ताण कमी होतो. पण टबात झिओलाइट असेल तर मीठ टाकू नका, कारण मिठामुळे झिओलाइटने धरून ठेवलेला अमोनिया पुन्हा पाण्यात सुटतो.

शेवटच्या दोन आठवड्यांत हौदातला एक जुना मासा या टबात सोडा. हे निर्दय वाटेल, मलाही वाटते. पण नवीन माशांनी काही लपवून आणले असेल, तर हौदातल्या सगळ्या माशांऐवजी ते त्या एकावर दिसेल. टबाची जाळी आणि बादली तोवर वेगळीच असू द्या आणि रोज आधी हौदाचे काम उरकून मगच टबात हात घाला.