चष्म्याच्या +४.२५ नंबरला ॲस्फेरिक (कडेकडे वक्रता बदलत जाणाऱ्या) काचा घ्याव्यात, की ते नुसतं मार्केटिंग आहे?

घ्या. एवढंच लिहून थांबणार होते. पण 'नुसतं मार्केटिंग' वाचलं आणि राहवलं नाही, कारण हेच शब्द माझ्या थोरल्या भावाने भाऊबीजेच्या ताटावर बसून मला ऐकवले होते आणि तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं.

माझा नंबर दोन्ही डोळ्यांना +६.५०, लहानपणापासून. काचेमागे डोळे बशीएवढे दिसायचे, शाळेत 'घुबड' म्हणायचे. २०१७ साली पहिल्यांदा पदरचे साडेसहा हजार मोजून ठाण्यातल्याच एका चकचकीत दुकानात ॲस्फेरिक काचा केल्या. आरशात बघितलं तर डोळे चक्क माझ्याच चेहऱ्याच्या मापाचे. तो आनंद पाच मिनिटं टिकला. दुकानाबाहेर उतरताना तिसरी पायरी जिथे दिसली तिथे नव्हतीच.

आठ दिवस हेच. ऐरोलीला नोकरी, म्हणजे रोज ट्रान्स-हार्बर लोकल. ठाणे स्टेशनच्या पुलावरून कठडा धरून, मागच्या बायकांचे टोमणे खात उतरायचे. एक्सेलच्या रेघा वाकड्या, बाथरूमच्या टाइल्स वाकड्या, संध्याकाळी डोकं ठणकायचं. दुकानात चार वेळा गेले. नंबर तपासला, बरोबर होता, आणि चारही वेळा ऐकलं, "मॅडम, सवय होईल."

मग भाऊबीज. दादा इंजिनिअर. म्हणाला, "अगं, बाहुली असते तीन-चार मिलिमीटरची. तेवढ्या तुकड्यात गोल काय नि ॲस्फेरिक काय, सारखंच. जास्त पैसे मोजलेस म्हणून तुला काहीतरी वेगळं वाटतंय. नुसतं मार्केटिंग." नवरा करंजीकडे बघत बसला.

सुटका केली घंटाळीजवळच्या एका काकांनी. दोन माणसं जेमतेम मावतील एवढा गाळा, दुकानांसाठी काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम. त्यांनी चष्मा लेन्सोमीटरवर, म्हणजे काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर, ठेवला आणि प्रत्येक काचेवर शाईचे तीन ठिपके उठवले. मधला ठिपका म्हणजे काचेचं केंद्र. मग चष्मा माझ्या नाकावर चढवला, समोर बसून स्वतःचा एक डोळा मिटला, "माझ्या उघड्या डोळ्यात बघा," म्हणाले आणि स्केचपेनने माझ्या बाहुलीसमोर काचेवर फुली मारली. मग दुसऱ्या डोळ्याला तसंच. चष्मा काढून हातात दिला. ठिपका एकीकडे, फुली दुसरीकडे.

"ताई, बेरीज बरोबर आहे, वाटणी चुकलीय."

दोन बाहुल्यांमधलं माझं अंतर ६२ मिलिमीटर. दुकानाने त्याचे निम्मे केले, ३१ आणि ३१. पण माझं नाक मधोमध नाही. उजवीकडे ३३, डावीकडे २९. उंचीचं माप तर कोणी घेतलंच नव्हतं, केंद्र बाहुलीच्या ९ मिलिमीटर खाली गेलं होतं. साध्या गोल काचेची वक्रता सगळीकडे सारखी, त्यामुळे दोन मिलिमीटर इकडे-तिकडे ती बरंचसं सांभाळून घेते. ॲस्फेरिक प्लसची वक्रता मध्ये जास्त आणि कडेकडे कमी होत जाते. ती एका बिंदूभोवती आखलेली असते. तो बिंदू बाहुलीसमोरून हलला की दोन डोळे दोन वेगळ्या उतारांवरून बघतात. काचेचा दोष शून्य, बसवणाऱ्याचा शंभर टक्के. काकांकडून मापं घेऊन नव्याने काचा केल्या, दुसऱ्या दिवशी पुलाचा कठडा न धरता उतरले.

आता दादाचं उत्तर. बाहुली छोटी असते हे खरं. पण चष्मा स्थिर असतो आणि डोळा फिरतो. बाजूला बघितलं की आपण काचेच्या कडेतून बघतो आणि गोल काच तिथे धूसर होते. ते टाळायला साध्या प्लस काचेला पोट काढावं लागतं. त्याने ती जाड होते, डोळ्यापासून लांब जाते, डोळे मोठे दिसतात. ॲस्फेरिकमध्ये काच चपटी करूनही कड साफ ठेवता येते. शिवाय गोल पृष्ठभागाने किरण एका बिंदूत नीट येत नाहीत, त्याला वेगळे वक्र लागतात, हे देकार्त या फ्रेंच गणितज्ञाने १६३७ मध्ये लिहून ठेवलंय. त्याचं ठाण्यात दुकान नव्हतं.

आणि गंमत म्हणजे गेल्या वर्षी दादाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात कुठली लेन्स टाकली? ॲस्फेरिक. तिथे मात्र प्रश्न खरोखर बाहुलीचाच असतो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा कडेचे किरण जरा जास्त वाकवतो, तरुणपणी आतलं भिंग ते भरून काढतं, वयाबरोबर ते जमेनासं होतं. ॲस्फेरिक लेन्समध्ये त्याची उलटी दुरुस्ती घातलेली असते, काहींमध्ये जास्त, काहींमध्ये कमी. फायदा मुख्यतः अंधारात, बाहुली मोठी झाल्यावर. "रात्री घोडबंदरला गाडी चालवायची असते," असं दादाने फोनवर मला समजावलं. तेव्हा मार्केटिंग नव्हतं! (प्लस नंबरसाठी लेसर झालेलं असेल तर हे गणित उलटं पडू शकतं, ते डॉक्टरांना आधी सांगा.)

तुमच्याबद्दल. +४.२५ ला फरक दिसेल, माझ्याइतका नाही. फ्रेम लहान घ्या, मोठ्या फ्रेममध्ये प्लस काच जाड होतेच. चपट्या काचेत मागच्या दिव्यांचं प्रतिबिंब जास्त दिसतं, म्हणून अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग हवंच. साध्या काचेच्या दुप्पट भाव सांगत असतील तर तो वाजवी आहे का, ते काच कुठली यावर आहे, दोन दुकानांत विचारा. आणि हो, पहिले चार-पाच दिवस थोडं वेगळं वाटणं साहजिक आहे, 'सवय होईल' दर वेळी खोटं नसतं. फ्रेम पुढे कललेली असते म्हणून केंद्र बाहुलीच्या जरासं खाली ठेवतातच, दर दोन अंशांना एक मिलिमीटर. त्यावरून दुकानदाराशी भांडू नका. पण मापाच्या चिठ्ठीवर दोन डोळ्यांचे दोन वेगळे आकडे आणि उंची लिहिलेली नसेल तर ॲडव्हान्स न देता उठा.

दादा, वाचत असशील तर: ३३ आणि २९.