मुंबईच्या लोकल खरंच रायगडातल्या धरणाच्या विजेवर चालायच्या का, की नुसती गावगप्पा?

गावगप्पा नाही. पण धरण रायगडात नाही हो! ते वर घाटमाथ्यावर, पुणे जिल्ह्यात मुळशीला. रायगडात, खाली भिऱ्याला आहे ते पॉवरहाऊस. पाणी सुमारे ५०० मीटर खाली येऊन पेल्टन चाकांवर, म्हणजे वीज काढणाऱ्या टर्बाइनवर, आदळतं. मी पाटणूसकडचा, बाबा तिथेच शिफ्टला होते, त्यामुळे हे आम्ही बाराखडीबरोबर शिकलो.

आता खरी गोष्ट. २००७ चा मे, ताईचं लग्न. हळदीच्या संध्याकाळी, ऐन जात्याभोवती बायका बसलेल्या असताना लाइट गेली. तेव्हा मुंबई सोडून बहुतेक महाराष्ट्रात भारनियमन, त्यामुळे गॅसबत्ती तयारच होती. भिऱ्याकडचा उकाडा ज्याने सोसलाय त्यालाच कळेल, पंखा बंद म्हणजे काय. आमचा आतेभाऊ दादरचा. बनियनवर बसून पंचाने वारा घेत म्हणाला, "आमच्याकडे लाइट जातच नाही. कसे रे राहता तुम्ही?"

मांडवाच्या मागच्या डोंगरातून मुंबईकडे जाणारे टॉवर दिसत होते. मी म्हटलं, "दादा, तुझी लोकल आमच्या पाण्यावर चालते, जरा जपून बोल." तो हसला. लोकल कोळशावर चालते म्हणे, ठाकुर्लीला रेल्वेचं स्वतःचं पॉवरहाऊस होतं, त्याच्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय. मी आवाज चढवला, आत्या रुसली, बाबांनी मलाच झापलं. स्वतः एक शब्द बोलले नाहीत, आणि ते मला जास्त लागलं.

तर ठाकुर्लीचं खरं आहे. जीआयपी, म्हणजे आताची मध्य रेल्वे. तिने तिथे स्वतःचं कोळशाचं पॉवरहाऊस उभारलं होतं, ते केव्हाच बंद झालं. पण बीबीसीआय, म्हणजे पश्चिम रेल्वे, १९२८ ला विजेवर आली ती टाटांकडून वीज विकत घेऊन. आणि टाटांची तेव्हाची वीज म्हणजे खोपोली (१९१५), भिवपुरी (१९२२) आणि भिरा (१९२७). तिन्ही पाण्यावरची, तिन्ही घाटाखाली आपल्या रायगडात. खोपोली मुळात गिरण्यांसाठी काढलं, रेल्वे हे नंतरचं गिऱ्हाईक. आता गंमत बघा, दादरला दोन्ही रेल्वे, आणि आमचा हा गृहस्थ नोकरीला रोज जायचा चर्चगेटला, म्हणजे पश्चिम रेल्वेनेच! हे मला त्या रात्री सुचलं नाही, वऱ्हाड परत गेल्यावर सुचलं.

एक मात्र सांगायलाच हवं, नाहीतर घाटावरचे लोक मला धरतील. "आमचं पाणी" हे मी तावातावाने म्हटलं, पण ते आमचं नव्हेच. धरण आहे त्या मुळा नदीचं पाणी मुठेला, मुठेचं भीमेला, असं करत पंढरपूरला चंद्रभागेत जायचं. ते अडवून पश्चिमेला सोडलं, म्हणून आमची कुंडलिका मे महिन्यातही वाहते आणि रेवदंड्याच्या खाडीला मिळते. त्यापायी मावळातल्या ज्या शेतकऱ्यांची भातखाचरं बुडाली त्यांनी १९२१ ला सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यातूनच पुढे आले. आम्ही फक्त खाली बसून नदीला पोहलो.

आणि आजचं विचाराल तर एकाच पॉवरहाऊसची वीज एकाच गाडीला असं काही नसतं. १९५६ पासून ट्रॉम्बेची औष्णिक वीज आली, सगळ्यांचीच एका जाळ्यात मिसळते. लोकलच्या तारांतला जुना १५०० व्होल्टचा डीसी जाऊन २५ हजार व्होल्टचा एसी आला. २०१५ मध्ये मध्य रेल्वेने दाभोळच्या गॅसची वीज घ्यायला सुरुवात केली. म्हणजे ज्याचे वडील ठाकुर्लीचे दाखले द्यायचे, त्याची मध्य रेल्वेसुद्धा शेवटी कोकणातच आली. पण पाण्याचं एक आहे, यंत्र काही मिनिटांत पूर्ण जोरात येतं. संध्याकाळी मुंबईत एकदम दिवे-पंखे लागतात, तेव्हा ते उपयोगी पडतं. कोलाडचं राफ्टिंगही ह्याच पाण्यावर चालतं, ते खाली नदीत सकाळी सोडतात, म्हणून राफ्टिंग सकाळी असतं.

बघायला यायचं असेल तर पावसाळ्यात या, मे महिन्यात अजिबात नको. पॉवरहाऊसमध्ये असंच कोणी सोडत नाही. नदीत उतरताना गावातल्या माणसाला विचारा, पाणी बघता बघता चढतं.

आणि दादा, तू हे वाचत असशील तर ती गॅसबत्ती अजून पोटमाळ्यावर आहे. घेऊन जा.