वडिलांच्या प्रार्थनेनंतरचे ‘आमेन’

प्रिय मुली,

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला उशीर झाला, कारण तुझा प्रश्न दिसायला लहान असला तरी त्याचे उत्तर लिहिताना मी दोनदा कागद फाडला. नाताळच्या जेवणाआधी घरातले सगळे उभे राहतात आणि वडील डोळे मिटून, आवाज लावून प्रार्थना म्हणतात. ज्या माणसाने वर्षभर आईला खोटे सांगितले, तुझ्या शिक्षणासाठी बाजूला ठेवलेले पैसे न विचारता खर्चून टाकले आणि मागच्या नाताळला दारूच्या भरात पाहुण्यांसमोर धाकट्या भावाचा पाणउतारा केला, त्याच माणसाच्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणणे म्हणजे त्याच्या खोटेपणात सामील होणे नाही का, असे तू विचारतेस. पुढे जरा चाचरत दुसरा प्रश्न येतो: वडिलांविषयी आदर वाटत नाही, हे पाप आहे का? आणि अगदी शेवटी कंसात एक ओळ आहे, जिच्याविषयी तू काहीच विचारलेले नाहीस. तिच्याकडे मी नंतर येईन.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. आपल्या भाषेत आदर ‘वाटतो’ आणि मान ‘राखला’ जातो. वाटणे हे भूक लागण्यासारखे किंवा झोप येण्यासारखे आहे, ते कुणाच्या आज्ञेने होत नाही. राखणे मात्र हातून घडते, म्हणूनच त्याविषयी आज्ञा देता येते. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात, दहा आज्ञांमध्ये, आईबापांचा मान राखण्याविषयीच सांगितले आहे. शेजाऱ्यावर प्रीती कर असे स्पष्ट बजावणारे मोशेचे नियमशास्त्र आईबापांच्या बाबतीत प्रीतीची सक्ती करत नाही, आणि मला त्यात मोठा सुज्ञपणा दिसतो. तिथल्या मूळ हिब्रू क्रियापदाचे मूळ ‘जड असणे’ या अर्थाचे आहे. आपणही एखाद्याच्या शब्दाला वजन आहे असे म्हणतोच. बापाला त्याच्या जागेचे वजन दे, तो या घरात नसल्यासारखे वागू नकोस, एवढा अर्थ मी त्यातून घेतो. तो निर्दोष आहे असे मान, हा अर्थ मला त्यात कुठेही सापडलेला नाही.

लहानपणी ही आज्ञा आपल्याला आज्ञाधारकपणाचा धडा म्हणून शिकवली गेली, त्यामुळे एक गोष्ट लक्षात येत नाही. त्याच यादीत व्यभिचार करू नकोस, शेजाऱ्याच्या बैलाचा आणि गाढवाचा लोभ धरू नकोस असेही आहे. हे काही आठ वर्षांच्या मुलाला सांगायचे नियम नव्हेत. ऐकणारे लोक घरदार, गुरेढोरे असलेले प्रौढ होते, आणि त्यांच्या आईबापांचे हातपाय थकत चालले होते. मार्कच्या शुभवर्तमानाच्या ७ व्या अध्यायात येशू याच आज्ञेवरून परूश्यांना, म्हणजे नियमशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना, फटकारतो. आईबापांच्या कामी यायचे ते देवाला अर्पण केले आहे, ‘कुर्बान’ आहे, असे सांगून हात झटकणाऱ्यांवर त्याचा रोख आहे. म्हणजे तिथेही प्रश्न मनात काय दाटून येते याचा नसून पदरचे काय खर्च करतोस याचा आहे. तुझ्या मनात आज आदर नाही, हे त्यामुळे मला पाप वाटत नाही. ते नाही, हे तू प्रामाणिकपणे कुणाला तरी लिहून कळवलेस, हे बरेच झाले.

मात्र मान राखणे आणि मान तुकवणे यांत तुझी गल्लत होते आहे, आणि ती पुष्कळांची होते. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायात, नोहा द्राक्षमळा लावतो, पितो आणि आपल्या तंबूत उघडा पडतो. त्याचा मुलगा हाम ते पाहतो आणि बाहेर येऊन भावांना सांगतो. शेम आणि याफेथ खांद्यांवर वस्त्र घेतात, पाठमोरे चालत आत जातात आणि तोंडे फिरवून बापाला झाकतात. ही गोष्ट घरातली भानगड बाहेर कळू देऊ नये या उपदेशासाठी इतकी वापरली गेली आहे की तिचा अर्धा भाग दिसेनासा झाला आहे. ज्याने ती लिहून ठेवली त्याने नोहा प्यायला होता हे वाक्य गाळलेले नाही. मुलांनी बापाची लाज झाकली; बाप शुद्धीत होता अशी साक्ष त्यांनी कुठेही दिलेली नाही. झाकणे आणि खोटे बोलणे या दोन क्रिया आहेत. तुला पहिली करायची आहे, दुसरी नाही. आणि एक गोष्ट इथेच स्पष्ट लिहितो: त्यांनी उघडे अंग झाकले, जखम झाकली नाही. उद्या तुझ्यावर किंवा भावावर हात उगारला गेला, तर ही गोष्ट तुला गप्प बसायला सांगत नाही. तेव्हा भावाला घेऊन बाहेर पडायचे आणि विश्वासातल्या मोठ्या माणसाला सगळे, नाव घेऊन, सांगायचे.

हे मी पुस्तकातून शिकलो असे तुला वाटू नये म्हणून माझे सांगतो. माझे वडील दारू पीत नव्हते. ते थापा मारत. वरिष्ठांचे एक गैरकृत्य सहन न झाल्यामुळे आपण मोठ्या नोकरीवर लाथ मारली, ही त्यांची आवडती कथा होती, आणि प्रत्येक सांगण्यात तिला एखादी नवी फांदी फुटे. खरे म्हणजे कामात हयगय केली म्हणून त्यांना काढून टाकले होते, आणि ते कागद माझ्या हाती लागले होते. मी १९ वर्षांचा होतो. नाताळच्या दुपारी पाहुण्यांसमोर त्यांनी ती कथा सुरू केली आणि मी शांतपणे, तारखांसकट, ती दुरुस्त केली. कुणी काही बोलले नाही. टेबलावरचा तांब्या भरलेला असताना आई पाणी आणायला उठली. त्यानंतर वडिलांनी माझ्यासमोर ती कथा कधीही सांगितली नाही, आणि कित्येक वर्षे मी याला माझा विजय समजत होतो. माझा शब्दन् शब्द खरा होता. परंतु खरे बोलायचे असते तर आदल्या रात्री आम्ही दोघेच जागे होतो, तेव्हा बोलता आले असते. मला सत्य नको होते, साक्षीदार हवे होते. हामनेही काही खोटे सांगितले नव्हते, हे मला फार उशिरा सुचले.

तू लिहितेस की असल्या बापाची मुलगी म्हणून आपणही एक दिवस तशाच होऊ, अशी तुला धास्ती वाटते. नाताळच्या दिवसांत मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायाचा उत्तरार्ध, म्हणजे येशूच्या जन्माची गोष्ट, मोठ्या प्रेमाने वाचला जातो आणि पूर्वार्धातली येशूच्या पूर्वजांची वंशावळ कशीबशी उरकली जाते. या वर्षी ती सावकाश वाच. शलमोनाच्या आईचे नाव तिथे नाही. दावीद राजाला तो उरीयाच्या बायकोपासून झाला, एवढेच आहे. हा उरीया दाविदाचाच सैनिक; दाविदाने त्याची बायको घेतली आणि त्याला लढाईत मरायला लावले. म्हणजे सर्वांत लाडक्या राजाचे नाव घेतानाच त्याचा सर्वांत काळा दिवस लिहिणाऱ्याने त्याच ओळीत ठेवला आहे. पुढे यहूदाचा राजा आहाज येतो, त्याचा मुलगा हिज्कीया, त्याचा मनश्शे, त्याचा आमोन आणि त्याचा योशीया. आहाजाने आपल्याच मुलाचा अग्नीत होम केला आणि मंदिराचे दरवाजे बंद केले. त्याच घरात वाढलेल्या हिज्कीयाने राज्य हाती येताच, पहिल्या वर्षाच्या पहिल्याच महिन्यात, ते दरवाजे उघडून दुरुस्त केले. तेव्हा मंदिराची सेवा करणाऱ्या लेव्यांसमोर बोलताना त्याने आमच्या पूर्वजांनी अपराध केला असे स्वच्छ म्हटले. ‘आमच्या’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो: त्याने बापाचा दोष लपवला नाही आणि बापाला परकाही केला नाही. मग एवढ्या भल्या हिज्कीयाच्या पोटी मनश्शे आला, ज्याने यरुशलेम निरपराध रक्ताने भरून टाकले, आणि मनश्शेचा नातू योशीया आठव्या वर्षी गादीवर बसून पुन्हा सरळ वाटेने चालला. चांगुलपणा किंवा दुष्टपणा रक्तातून उतरत असता तर ही यादी अशी वेडीवाकडी दिसली नसती. तुझ्या वडिलांचे तुझ्यात काय उतरेल ते मी सांगू शकत नाही, पण कोणते दरवाजे उघडायचे हे ठरवायला तू मोकळी आहेस.

आता त्या दिवसाविषयी. पैशांचा हिशेब २५ डिसेंबरला मागू नकोस. त्या दिवशी प्रत्येकावर आनंदी दिसण्याची सक्ती असते, आणि अशा वेळी सांगितलेले सत्य ऐकणाऱ्याला फक्त अपमान वाटते. पण विषय टाळूही नकोस. नाताळाच्या चार दिवस आधी, दोघेच असताना, एवढे म्हण: ‘बाबा, त्या पैशांविषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे, सण झाल्यावर एक दिवस ठरवा.’ ते चिडतील, उडवून लावतील, कदाचित रडतीलही. तू वाक्य वाढवू नकोस. भावाविषयी मात्र आधीच आणि स्पष्ट सांग, की मागच्यासारखे झाले तर मी त्याला घेऊन पानावरून उठेन. तशी वेळ आली तर भाषण न करता ऊठ. उठणे हाही मान राखण्याचाच प्रकार आहे, कारण बसून राहिलीस तर तू त्यांच्या तोंडून आणखी वाईट काहीतरी वदवून घेशील. इफिस शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला पत्र लिहिताना प्रेषित पौल मान राखण्याची आज्ञा उद्धृत करतो आणि लगेच दोन वचनांनंतर बापांना बजावतो की मुलांना चिरडीला आणू नका. ते वचन त्यांना वाचून दाखवण्याचा मोह तुला होईल. नको. ते बापांसाठी लिहिलेले आहे, मुलांच्या हाती दिलेले हत्यार नव्हे. भेटवस्तूच्या बाबतीत मी काही सुचवत नाही. खोचक वाटेल असे काही देऊ नकोस, इतकेच.

राहिले ‘आमेन’. या शब्दाच्याही मुळाशी हिब्रूत पक्के, भरवशाचे असा अर्थ आहे, आणि तुझी अडचण नेमकी तिथेच आहे: भरवसा नसलेल्या माणसाच्या बोलण्यामागे भरवशाचा शब्द कसा जोडायचा? परंतु प्रार्थना त्यांच्या तोंडची असली तरी ती तुला उद्देशून नसते, आणि तुझे ‘आमेन’ही त्यांना उद्देशून नसते. या घराला शांती दे, आमच्या अपराधांची क्षमा कर, असे ते म्हणत असतील, तर ती शांती त्यांनीच मोडलेली असली तरी तुला ती हवीच आहे, आणि क्षमेची गरज त्यांना नाही असे तर तूही म्हणणार नाहीस. त्या मागणीला तू होकार देतेस. मागणाऱ्याच्या चारित्र्यावर शिक्का मारत नाहीस. तरीही या वर्षी शब्द ओठांवर आला नाही तर गप्प उभी राहा. जबरदस्तीने म्हटलेल्या ‘आमेन’पेक्षा ते गप्प राहणे खरे असेल, आणि देवाला त्यातला फरक कळतो अशी माझी श्रद्धा आहे.

आणि आता तो कंस. मागच्या वर्षी तू डोळे न मिटता त्यांच्याकडे रागाने पाहत उभी होतीस, आणि तेव्हा त्यांचे जोडलेले हात थरथरत होते, असे तू त्यात लिहिले आहेस. ते थरथरणे दारूचे होते, लाजेचे होते की नुसत्या वयाचे, हे मला इथे बसून कळणार नाही, आणि तुलाही ते अजून ठाऊक नाही. चार पानांच्या पत्रात त्यांच्या अपराधांना तू तारखा दिल्या आहेस आणि त्या हातांना कंसातली अर्धी ओळ. सण झाला की मला पुन्हा लिही, आणि या खेपेस कंसातले आधी लिही.

तुझा,
एक म्हातारा हितचिंतक